रकान्यात न बसलेली ओळ

निवडणूक लागली की मला आधी तुरीचा वास येतो. सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या बांधावर वाळत असतात, थ्रेशर सुरू झाला की तिचं कुटार, म्हणजे भुसा, उडतं आणि रस्त्यानं जाणाऱ्याच्या घशात बसतं. त्या धुरळ्यातून भोंगा लावलेला ऑटो जातो. कुणाचं तरी नाव, कुणाची तरी निशाणी, मध्येच एखाद्या गाण्याची चाल. ऑटो वळणाआड गेला तरी भोंगा ऐकू येत राहतो, आणि मग तो नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं.

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक पुन्हा त्याच दिवसांत आली. माघ संपत आलेला, सकाळी गारवा, दुपारी चटका. अशात एका कॉलेजातून फोन आला. मतदार जागृतीचा कार्यक्रम आहे, म्हणे. "सर, तुम्ही तर त्या काळात इंटरनेटवरून लोकांना उमेदवारांची माहिती दिली होती. आमच्या मुलांना दोन शब्द सांगा." बोलणारी प्राध्यापिका तरुण होती, मनापासून बोलत होती. मी तब्येतीचं कारण सांगितलं. माझी तब्येत ठणठणीत आहे.

फोन ठेवल्यावर बराच वेळ ओसरीत बसून राहिलो. दोन शब्द सांगायचे तर कोणते, हे मला चांगलं माहीत होतं. ते त्या मुलांसमोर सांगण्याची हिंमत नव्हती. म्हणून हे लिहितो आहे.

देवळीत बसस्टँडजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. वडिलांनी टाकलेलं. नव्वदच्या सुमारास निवडणूक म्हणजे आमच्यासाठी कागदी बिल्ले, पताका आणि खळ. सगळ्या पक्षांचे लोक आमच्याकडूनच खळीची पुडकी न्यायचे आणि एकमेकांच्या पोस्टरांवर आपली पोस्टरं डकवायचे. कोण उभा आहे हे भिंतीवरून कळायचं. तो कसा आहे हे बाजाराच्या दिवशी, कानोकानी. त्यातलं खरं किती, हे कुणी विचारत नव्हतं. वडिलांचा एक दंडक होता, काउंटरवर राजकारण बोलायचं नाही. कुणी विचारलंच, "काय शेठ, कोनाचा जोर आहे?" तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "ज्याले तुमी मत द्याल त्याचा." समोरचा हसायचा, वही घ्यायचा आणि जायचा. मला लहानपणी ते फार मोठं शहाणपण वाटायचं. प्रत्येकाशी गोड राहण्याची ती दुकानदारी होती, हे मला पुढे, फार उशिरा कळलं.

दोन हजार सालानंतर मी दुकानाचा अर्धा भाग पार्टिशननं वेगळा केला आणि तीन संगणक ठेवले. बाहेर पाटी लावली, 'सायबर कॅफे'. दहावी-बारावीचे निकाल, नोकरीचे अर्ज, परदेशी गेलेल्या एखाद्या पोराची ई-मेल त्याच्या आईला वाचून दाखवणं, एवढीच आमची दुनिया. भारनियमन इतकं की दिवसाची आखणी विजेच्या वेळापत्रकावर. बॅटरी तासाभरात दम तोडायची. संगणक बंद पडताना पडदा एका ठिपक्यात आक्रसायचा. तो ठिपका विझला की दुकानात माशांचा आवाज ऐकू यायचा.

वानखडे सर तिथे रोज यायचे. त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं होतं. आता निवृत्त होते. पेपरात त्यांनी वाचलं की उमेदवारांना आता आपलं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे शपथेवर लिहून द्यावे लागतात. एका सकाळी ते वर्तमानपत्राची घडी काखेत घेऊन आले.

"प्रमोद, हे कागद तहसीलच्या बोर्डावर लागतात. कोन वाचते? शेळ्या."

"मग?"

"मंग काय, तुझ्याजवळ इंटरनेट आहे नं. त्याच्यावर टाक. लोकायले कळू दे."

त्यांच्या चेहऱ्यावर प्रयोगशाळेत लिटमस कागदाचा रंग बदलताना पाहून व्हायचा तसा आनंद होता. मला त्या क्षणी खरंच वाटलं, की आपण काहीतरी चांगलं करणार आहोत. तो आनंद खोटा नव्हता, एवढं मला नोंदवून ठेवायचं आहे.

आम्ही तहसील कचेरीत गेलो. कडुनिंबाखाली तो बोर्ड, त्याला जाळीचं दार, दाराला कुलूप. जाळीतून डोळे बारीक करून सर वाचायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. एकावर एक टाचलेली पानं वर करायला आम्ही झाडूची काडी जाळीतून आत सारायचो. तिथला शिपाई आमची मजा पाहत बसायचा. "काय मास्तर, निवडून याचं आहे का पोरगी द्याची आहे? सगळ्यायची इस्टेट लिहून राह्यले." सर हसले. "पोरगीच देऊन राह्यलो बाबा. पाच वर्षांसाठी. पाहून घ्याव लागते."

जिल्हा परिषदेच्या सगळ्या गटांचे, म्हणजे मतदारसंघांचे, तक्ते मी केले. चार रकाने: नाव, शिक्षण, मालमत्ता, गुन्हे. प्रत्येक गटाचं एक पान. मराठी अक्षरांचा तेव्हा त्रास होता; आमचा फाँट दुसऱ्याच्या संगणकात नसला की त्याला नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. म्हणून तक्ता छापायचा, स्कॅन करायचा आणि त्याचं चित्रच चढवायचं. इंटरनेटवर एका परदेशी कंपनीची फुकट जागा मिळाली होती, तिच्यावर आमचं पान उभं राहिलं. वर मोठ्या अक्षरात 'आपला उमेदवार, आपली माहिती'. खाली पत्ता, इंग्रजीत, हातभर लांब.

आता ही माहिती ज्यांच्यासाठी होती त्यांच्या गावात इंटरनेट नव्हतंच. पुण्यातून, नागपुरातून, आखातातून चार-दोन ई-मेल आल्या, कौतुकाच्या. गावांसाठी मी पानांच्या प्रती काढून एस.टी.च्या कंडक्टरांकडे द्यायचो. ते त्या पानठेल्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पारावर पोचवायचे. "आज कोनाचं निघालं?" म्हणून बसमध्येच वाचायला मागायचे लोक. आणि एक गोष्ट आम्ही कल्पनाही केली नव्हती अशी झाली. कागदाच्या तळाशी तो इंग्रजी पत्ता होता, म्हणून लोक त्याला मानायला लागले. पेपरवाला पैसे खातो, पुढारी खोटं बोलतो, पण हे तर इंटरनेटवर आलं आहे. वर्तमानपत्रापेक्षा, पोस्टरपेक्षा, शेजाऱ्यापेक्षा लोकांनी आमच्या कागदावर विश्वास ठेवला. एका पेपरानं छोटी बातमी छापली. तिच्यात माझ्या नावापुढे 'निःपक्ष' असा शब्द होता. मी तो पेपर कापून पाकिटात ठेवला होता.

एका गटात सुमनताई उभ्या होत्या. अपक्ष. आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवरचं त्यांचं गाव. चौथीपर्यंत शिकलेल्या, चार एकराची शेती स्वतः करणाऱ्या. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे कागदावर. नाल्याच्या काठानं मोहाच्या भट्ट्या पेटायच्या आणि सांजेला गावातले अर्धे पुरुष आडवे व्हायचे. सुमनताईंनी बायांचं मंडळ केलं. वीस-पंचवीस बाया काठ्या घेऊन नाल्यावर जायच्या, मडकी फोडायच्या, आंबवलेल्या मोहाचा सडवा पालथा करायच्या. एकदा पोलीस ऐकेनात म्हणून ठाण्यासमोर दिवसभर बसल्या. त्यापायी त्यांच्यावर गुन्हे लागले: गैरकायदेशीर जमाव, दंगा, मालमत्तेचं नुकसान, सरकारी कामात अडथळा. चार प्रकरणं. हे सगळं मला माहीत होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होतं. पण गट मोठा होता, पलीकडच्या पंधरा गावांत त्यांना कुणी पाहिलेलंही नव्हतं.

त्यांच्यासमोर जो उभा होता त्याचं नाव लिहीत नाही. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. नाल्यावरच्या भट्ट्या कुणाच्या, हेही सगळ्यांना माहीत होतं. मडकी फोडल्याची तक्रार त्याच्याच माणसांनी दिली होती. त्याच्यावर मात्र एकही गुन्हा नव्हता.

माझ्या तक्त्यात भाऊच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरंक'. सुमनताईंच्या ओळीत लिहिलं होतं, '४'.

मतदानाला तीन दिवस होते तेव्हा त्या दुकानात आल्या. दुपारची वेळ, बाहेर ऊन पांढरं झालेलं. पायात धुळीनं भरलेल्या चपला, डोक्यावर पदर, हातात आमचाच कागद चौपट घडी केलेला.

"इथंच का जी आमचं नाव टांगून राह्यलं?" त्या हसतच म्हणाल्या. "दाखवा तं खरं, कुठी दिसते ते."

मी पान उघडलं. चित्र वरून खाली हळूहळू उतरत आलं. त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"हे निरंक म्हंजे काय जी?"

"म्हणजे काही नाही."

"ह्याचं काहीच नाई?" त्यांना खरंच हसू आलं. "अरे बाप्पा! मंग आमी नाल्यावर कोनाचे मडके फोडाले गेलतो?"

सर शेजारच्या खुर्चीवर होते, तेही हसले. मग ताईंचं हसू गेलं. त्यांनी पदर सारखा केला.

"दादा, चार आहे ते खोटं नाई. मीच लिहून देल्लं. पन कायचे चार, तेवढं लिवा नं बाजूले. दारूचे मडके फोडले म्हनून, एवढंच. त्या तिकडच्या गावाले बाया मले इचारून राह्यल्या, तुमी कोनाचा मुडदा पाडला का म्हनून. दारात उभं करत नाई कोनी."

मी म्हणालो, "ताई, आम्ही प्रतिज्ञापत्रात आहे तेवढंच टाकतो. आमचं स्वतःचं काही घालत नाही."

"त्यात तं कलमं लिवली आहेत नं. मंग कलमं काऊन नाई टाकली?"

"रकान्यात बसत नव्हती."

हे खरं होतं. चार रकाने आखताना शेवटचा रकाना मी अरुंद ठेवला होता, एक आकडा बसेल एवढा. मालमत्तेच्या रकान्याला जागा जास्त लागली होती.

सर म्हणाले, "प्रमोद, लिहून टाक रे. चूक आपलीच आहे. रकाना मोठा पाहिजे होता."

"एकाचं लिहिलं तर सगळ्यांचं लिहावं लागेल, सर. शेवटच्या तीन दिवसांत एका उमेदवाराच्या सांगण्यावरून पान बदललं, असं होईल. मग आपल्यात आणि पोस्टरवाल्यात फरक काय?"

सरांनी खुर्ची मागे सरकवली. संगणक माझा होता. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. लहान मुलाचं म्हणणं समजून घेताना पाहतात तसं पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा नियम असंन तं राहू द्या." आणि बाहेर पडल्या. स्टँडवर बस लागायची होती. त्या उन्हात, मोटारसायकलींच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

अर्ध्या तासाचं काम होतं. वीज होती.

एक गोष्ट मी सरांनाही कधी सांगितली नाही. ताई यायच्या आदल्या दिवशी भाऊ येऊन गेला होता. एकटाच. धमकी द्यायला आला असता तर मी त्याची ओळ कदाचित लाल अक्षरात छापली असती; एवढा ताठा तेव्हा माझ्यात होता. तो स्टुलावर बसला, चहा घेतला, संगणकांकडे पाहून मान डोलावली. "लय चांगलं काम करून राह्यले तुमी," तो म्हणाला. "आपल्या तालुक्यात असा मानूस नाई. ना कोनाच्या बाजूचे, ना कोनाच्या इरोधात. असंच ठेवजा. कोनी येईन, रडंन, बदलवा म्हनंन. बदलू नका." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ समजावलं, की नियम होता, वेळ नव्हता, सगळ्यांना सारखा न्याय हवा होता. पण त्या दुपारी सुमनताईंशी बोलताना माझ्या खांद्यावर तो हात होता, आणि मला तो जड वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावांत आमच्या पानाच्या शेकडो प्रती फिरल्या. मी काढलेल्या नव्हत्या. भाऊच्या लोकांनी काढल्या होत्या. एक अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त 'निरंक' आणि '४' यांच्याभोवती पेनानं गोल केला होता. खाली आमचा हातभर पत्ता तसाच.

त्या प्रतींपैकी एक मला मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर, दगडाखाली ठेवलेली दिसली. वाऱ्यानं तिचं एक टोक फडफडत होतं. पळस नुकता फुलायला लागला होता. शाळेमागच्या पडीत जमिनीवर ते केशरी ठिपके. बाया रांगेत उभ्या होत्या, पुरुष रांगेत उभे होते, सगळं शांत आणि शिस्तीत चाललं होतं. लोकशाहीबद्दल शाळेत शिकवतात ते सगळं तिथे होतं. मीही मत दिलं. शाई वाळेपर्यंत बोट हवेत धरून चाललो.

सुमनताई थोडक्यात पडल्या. आमच्या कागदामुळेच पडल्या असं कुणी म्हणालं नाही, आणि ते सिद्ध करता येण्यासारखं नाही. माणूस अशा वेळी त्या 'सिद्ध करता येत नाही'ला धरून बसतो. मीही बसलो. पण पडणं एवढ्यावर थांबलं नाही. त्या प्रकरणांत मंडळातल्या बाकी बायांचीही नावं होती. त्यांच्या घरी सासरे, नवरे म्हणायला लागले, उद्या हिचं नाव नेटवर आलं तर? पोरीचं लग्न कसं होईल? एकेक बाई येईनाशी झाली. पावसाळ्याच्या आत मंडळ मोडलं. पुढल्या हिवाळ्यात नाल्यावर पुन्हा धूर दिसायला लागला. बसच्या खिडकीतून तो दिसायचा, सकाळच्या धुक्यात मिसळलेला. वास आल्याशिवाय ओळखू यायचा नाही.

सर त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तर म्हणाले, "आपन थर्मामीटर चांगला बनवला रे प्रमोद. पन ताप कोनाले आहे ते पाह्यलंच नाई." मी त्यांचे पाय दाबत होतो. दाबत राहिलो.

मग कॅफेचे दिवसही संपत आले. हातातल्या फोनवर निकाल दिसायला लागले. ज्या कंपनीच्या फुकट जागेवर आमचं पान होतं, तिनं ती सोयच बंद केली. आधी सूचना आली होती, मी वाचली नव्हती. एके दिवशी पत्ता टाकला तर पांढरा पडदा. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. जगात कुठेच आता तो '४' उरला नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. मी हे सोयीनं विसरलो की गावात तो कधी पडद्यावर नव्हताच. तो कागदावर होता आणि तोंडात होता.

त्यानंतर काही महिन्यांनी सुमनताई पुन्हा दुकानात आल्या. केस पिकलेले, चालण्यात थोडा लंगडेपणा. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोर्टाचे कागद, शिक्के मारलेले, टाचण्या गंजायला लागलेल्या. त्यांनी ते काउंटरवर एकेक करून मांडले.

"चारीच्या चारी सुटलो, दादा. सगळ्याच बाया. कोर्टानं लिवून देल्लं." त्यांचा श्वास लागला होता. "आता हे बी टाका नं तिथं. तवा नियम होता, मी काही बोलली नाई. आता तं कागद आहे."

मी कागद पाहिले. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर 'निर्दोष मुक्तता' असे शब्द होते. माझ्या मागे तीन संगणकांपैकी एकच उरला होता, तोही झाकलेला. पान उरलेलं नाही, ती जागाच उरलेली नाही, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. त्यासोबत बाकीचंही सांगता आलं असतं, खांद्यावरच्या हाताचं. त्या समोर उभ्या होत्या, घाई नव्हती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"टाकतो, ताई," मी म्हणालो.

"दाखवाची गरज नाई," कागद पिशवीत भरत त्या म्हणाल्या. "तुमी कमी लिवता, दादा. पन खोटं नाई लिवत. तेवढं मले मालूम आहे."

पुढल्या महिन्यात त्यांच्या गावची एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली. मी तिला ओळखत नव्हतो. कागद मशीनमधून येईपर्यंत ती काउंटरला टेकून उभी होती.

"सुमनबाई सांगून राह्यली, नेटवर तिचं नाव साफ झालं म्हने. हाव का जी?"

"हाव," मी म्हणालो.

"त्या केशीत मी बी होती नं." तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंग माझं बी झालं असंन."

मशीनमधून कागद बाहेर आला, गरम होता. तो मी तिच्या हातात दिला.

"हाव. झालं," मी म्हणालो.